दुःखाची कविता आणि निसर्गातल्या प्रतिमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकासाठी आलेल्या कविता वाचून निवडायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात कुणी गेल्यानंतर लिहिलेल्या कवितांचा गठ्ठा नेहमीच जाड असतो आणि त्यातल्या बहुतेक कवितांत पाऊस, पान, फूल किंवा पाखरू असतंच. कविता परत गेली की लिहिणारे फोन करतात, मेल पाठवतात, कार्यशाळेत गाठून विचारतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या आवडीनिवडीची आहेत, व्याकरणाच्या नियमांसारखी नाहीत.

दुःख सरळ सांगावं की! त्यात झाडंझुडपं कशाला आणायची?

सरळ सांगता येत असेल तर जरूर सांगा. बहिणाबाईंनी वैधव्याबद्दल कुंकू आणि कपाळाची रेघ एवढ्यावर भागवलं, तिथे एकही झाड नाही. अडचण अशी की "मी फार दुःखी आहे" या वाक्यानंतर वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. तो "अरेरे" म्हणतो आणि पान उलटतो.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात याची सोय आहे. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली टिकाऊ भावना, शोक. ज्याच्यासाठी शोक होतो ते गेलेलं माणूस हे आलंबन. आणि तो शोक चेतवणारा भोवताल, म्हणजे ओसाड घर, ओळखीचं झाड, ठरावीक ऋतू, हे उद्दीपन. भावना सांगायची नसते, ती चेतेल अशी परिस्थिती मांडायची असते, हा त्यातला व्यवहार आहे. बालकवींची 'औदुंबर' पुन्हा काढून वाचा. आठ ओळी. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे गेलेली पांढरी पायवाट, आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. दुःख, अश्रू, मरण यांतला एकही शब्द नाही. तरी ती वाट काळ्या डोहाकडे जाते तिथे काहीतरी आत हलतं. ती कविता नुसत्या निसर्गाची आहे की आणखी कशाची, यावर समीक्षक अजून भांडतात. भांडू देत.

पाऊस, मावळता सूर्य, गळलेलं पान, तुटलेला तारा हे सगळं वापरून गुळगुळीत झालंय. मग उरतं काय?

पाऊस उरतो. "पाऊस पडतो" यातला पाऊस गुळगुळीत झालाय. मृगाचा, हस्ताचा, वळवाचा, अवकाळी, झड लागलेला, नुसती भुरभुर, यांपैकी एकही झालेला नाही. हस्ताच्या गडगडाटात आणि श्रावणातल्या ऊन-पावसात कुणी गेलं, तर त्या दोन कविता वेगळ्या व्हायला हव्यात. ग्रेस यांच्या 'ती गेली तेव्हा' या कवितेतला पाऊस रिमझिम आहे, हे कुणी नीट पाहत नाही. त्या जागी मुसळधार घातला असता तर कविता पहिल्याच ओळीत संपली असती. इतकं मोठं काही घडतंय आणि पाऊस मात्र अगदी बेताचा, त्या अंतरात सगळी कविता उभी आहे.

इंदिरा संतांचा पाऊस तर निराळाच. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले, आणि विरहाची उत्तम मराठी कविता म्हणून आपण त्यांच्याकडेच बोट दाखवतो. 'नको नको रे पावसा' मधला पाऊस आभाळाचे अश्रू वगैरे अजिबात नाही. तो धिंगाणा घालणारा आडदांड आहे. कौलं गळताहेत, खाली लावायला भांडी पुरत नाहीत, नेसूचं जुनेर भिजेल अशी भीती आहे. ती बाई त्याच्याशी भांडते आणि मग त्यालाच कामाला लावते: माझा सखा वाटेवर आहे, धावत जा, आडवा हो, त्याला माघारी आण. पावसाला प्रतीक न करता शेजारच्या दांडगट पोरासारखं वागवल्यामुळे ती कविता आजही ताजी आहे.

मावळत्या सूर्याचं मात्र मी काही करू शकत नाही. तो थोडे दिवस बाजूला ठेवा.

प्रत्यक्ष ओळी बदलून दाखवाल का?

अशा ओळी नेहमी येतात (या मी मुद्दाम जुळवल्या आहेत, कुणाच्या नाहीत):

आई, तू गेलीस आणि आभाळ रडले,
अंगणातले प्रत्येक फूल कोमेजून पडले.

भावना खरी असेल, पण ही कुणाचीही आई आहे. अंगण कुठलं, फूल कोणतं, काही कळत नाही. शिवाय "रडले" ला "पडले" हवं होतं म्हणून फुलं पडली आहेत, हे लपत नाही. आता लिहिणारीला विचारायचं: आईचं आणि अंगणातल्या कुठल्या झाडाचं रोजचं काही काम होतं? समजा ती म्हणाली, कढीपत्ता. फोडणी टाकायची वेळ झाली की आई बाहेर जाऊन दोन डहाळ्या ओरबाडून आणायची. मग असं लिहिता येईल:

तुझा हात पोचायचा
तेवढ्या उंचीपर्यंत
कढीपत्ता कायम बोडका.
आता तिथंही पालवी.

इथे काहीही कोमेजलेलं नाही. उलट झाडाचं बरं चाललंय, आणि तेच टोचतं. आईची उंची कळली, सवय कळली, ती जाऊन काही आठवडे झालेत हेही कळलं, कारण पालवी फुटायला तेवढा वेळ लागतो. "आई" हा शब्दसुद्धा लागला नाही. पुढे आणखी एक कडवं लिहून "तुझ्याविना हे घर सुने" असं समजावून सांगायचा मोह होईल. तो आवरा.

पण निसर्ग माझ्यासोबत रडतो असं लिहिलं तर चूक आहे का? आपल्याकडे तर सगळ्या थोरांनी लिहिलंय.

लिहिलंय खरं. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त जनस्थानात, म्हणजे आपल्या नाशिक-पंचवटीच्या परिसरात, सीतेसाठी रडणाऱ्या रामाला पाहून दगडही रडतो आणि वज्राचंही काळीज फुटतं. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात शकुंतला आश्रमातून निघते तेव्हा हरिणींच्या तोंडातला घास गळतो, मोर नाचायचे थांबतात, वेली पिकली पानं आसवांसारखी ढाळतात.

पण कालिदास हे फुकटात करत नाही. 'रघुवंशा'चा आठवा सर्ग पाहा. अज राजाची राणी इंदुमती बागेत असताना नारदाच्या वीणेवरची माळ वाऱ्याने उडून तिच्यावर पडते आणि ती जागीच मरते. फुलांनी मारलं! इथूनच निसर्ग हा नुसता सांत्वन करणारा राहिलेला नाही. मग अज विलाप करतो, आणि त्यात अशोकाचं झाड फुलांची आसवं गाळतं. का? तर पूर्वी कवींचा संकेत असा की सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्याशिवाय अशोक फुलत नाही. इंदुमतीचा पैंजण वाजवणारा पाय त्याला लागला होता. तो पाय आठवून ते झाड रडतंय. त्याच विलापात अज तिला म्हणतो, या आंब्याचं आणि या प्रियंगूच्या वेलीचं जोडपं तू ठरवलं होतंस, त्यांचं लग्न न लावताच निघालीस, हे बरं नाही.

हा दुसरा श्लोक मला अशोकापेक्षाही मोठा वाटतो. बागेत दोन झाडं उभी आहेत, कुणाला काही पत्ता नाही, आणि एक घरगुती बेत अर्धवट राहून गेलाय. तेव्हा नियम करायचाच तर एवढाच: झाडाला रडवायचं असेल तर आधी त्या झाडाचं आणि गेलेल्या माणसाचं नातं दाखवा. नातं नसताना रडलेलं आभाळ भाड्याने आणल्यासारखं वाटतं.

आणि उलटी वाटही आहे. भा. रा. तांब्यांची 'जन पळभर म्हणतील हाय हाय' आठवा. मी गेलो तरी सूर्य तळपेल, तारे आपापल्या क्रमाने चालतील, मेघ बरसतील, शेतं पिकतील, कुणाचं काही अडणार नाही. निसर्गाला आपलं काही पडलेलं नाही, हे मान्य करून लिहिलेली कविता कमी हळवी असते असं मुळीच नाही. नव्याने लिहिणाऱ्यांना मी बहुतेक वेळा हीच वाट सुचवते, कारण तिच्यात खोटं बोलायला जागा कमी.

पानगळ ही मरणाची प्रतिमा म्हणून चालेल ना?

कुठली पानगळ? सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळीलाल होऊन झडणारी पानं आपण इंग्रजी कवितेतून उचलली. आपल्याकडे त्या सुमारास भाताच्या लोंब्या भरत असतात, सोनकी आणि तेरडा माळ भरून फुललेला असतो. पितृपक्ष येतो भाद्रपदात. म्हणजे आपण आपल्या मेलेल्या माणसांना पान वाढतो तेव्हा भोवती वर्षातलं सर्वांत हिरवं हिरवं असतं! यावर कविता का होत नाहीत, मला नवल वाटतं. क्षणभंगुरतेसाठी आपल्याकडे म्हणही तिथलीच आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस.

सह्याद्रीतली पानगळ खरी सुरू होते ती थंडी सरताना, माघ-फाल्गुनात. आणि ती दुःखाला फार सोयीची नाही, कारण पानं झडलेल्या त्याच फांद्यांवर पांगारा, काटेसावर, पळस पेटतात. कुसुंबाची नवी पालवी तर लालभडक असते. पिंपळ इकडे पानं टाकतो आणि तिकडे तांबूस कोवळी पानं काढतो, दोन्ही कामं जवळपास एकदमच. म्हणजे आपल्या झाडांत मधला रिकामा, पांढरा, स्तब्ध हिवाळा नाही. सावरायला वेळच मिळत नाही. ज्यांच्या घरी बारावं-तेरावं उरकत नाही तोच लग्नकार्य येऊन ठेपतं, त्यांना पांगाऱ्याइतकी अचूक प्रतिमा दुसरी मिळणार नाही.

कावळ्यावर लिहू का? फार उघड वाटतं.

उघड आहे, पण त्याला दोन बाजू आहेत आणि बहुतेक जण एकच घेतात. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत 'पैल तो गे काऊ कोकताहे' म्हणत तोच कावळा शकुन सांगतो, पाहुणा येणार म्हणून. आणि दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आपण त्याचीच वाट पाहतो. येणाऱ्याची वर्दी देणारा आणि गेलेल्याचा निरोप घेणारा पक्षी एकच.

दहाव्याचा प्रसंग लिहायचा तर नुसता "कावळा शिवला" यावर थांबू नका. तिथे काय काय चालतं ते पाहा. कावळा शिवेना की एकेक जण पुढे येऊन मोठ्याने कबूल करतो: धाकट्याचं शिक्षण मी बघतो, घराची वाटणी करणार नाही, आईला अंतर देणार नाही. मग कुणी हळूच म्हणतं, अहो, त्यांना चहा लागायचा, तो ठेवलाय का? शेवटी काहीच झालं नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. घरातली सगळी भांडणं, सगळे न फेडलेले शब्द एका पक्ष्यासमोर बोलून दाखवले जातात. यात कवीने वरून काही घालायची गरजच नाही.

मला झाडांची, पक्ष्यांची नावं येत नाहीत.

शिका. किंवा नाव न घेता जे दिसतं ते लिहा: "पांढरी, रात्री वास येणारी फुलं". फक्त ऐकून माहीत असलेला बकुळ आणि चित्रातला राजहंस आणू नका.

मी दहाव्या मजल्यावर राहतो. इथे कसला निसर्ग?

कबुतरं आहेत की. एसीच्या मागे काड्या गोळा करतात, खिडकीच्या जाळीवर बसून दिवसभर घुमतात. बालकवींचा 'पारवा' पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसून एकट्याने खिन्न गाणं गातो. तुमचं कबुतर त्याचाच भाऊबंद आहे, फक्त पत्ता बदलला. वडील रोज त्यांना हाकलायचे आणि आता कुणी हाकलत नाही, तेव्हा ती थेट आत येऊन खुर्चीवर बसतात, यात कविता आहे. गॅलरीतली तुळस, पाणी तुंबलेला रस्ता, भरतीच्या वेळेला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उडणारं पाणी, इमारतींच्या फटीतून दिसणारा चतकोर चंद्र हाही निसर्गच.

मी न्यू जर्सीत असते. बाबा गेले तेव्हा जाता आलं नाही, सगळं फोनवर पाहिलं. माझ्या कवितेत मेपल आला तर मराठी वाचकाला परका वाटेल का?

मेपल तुमच्या खिडकीबाहेर असेल तर तोच आणा. परकं वाटेल ते तुम्ही न पाहिलेल्या अंगणातला प्राजक्त आणलात तर. तिथली पानगळ खरोखर ऑक्टोबरातली आहे, वर सांगितलेला आक्षेप तुम्हाला लागू नाही. शिवाय तुमच्याकडे इथल्या कवीकडे नसलेली एक गोष्ट आहे: तिकडे चिता पेटली तेव्हा सकाळ होती आणि तुमच्याकडे रात्र. एकाच घटनेवर दोन आभाळं. अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला सारायचा होता आणि दहा मिनिटांपूर्वी फोन आला होता, असं काही घडलं असेल तर ते तसंच्या तसं लिहा. जुई आणि बर्फ एकाच कवितेत आले तर आभाळ कोसळत नाही.

आमचं शेतकरी घर. दादा गेला तो कर्जात आणि दुष्काळात. निसर्ग सांत्वन करतो असं मला लिहिताच येत नाही.

लिहूच नका. निसर्गाची सुंदर वर्णनं बरीचशी पगार मिळणाऱ्या लोकांनी केली आहेत. ज्याचं पोट पावसावर आहे, त्याच्या कवितेत पाऊस देणेकरी असतो, फसवणारा असतो, कधी उशिरा आलेला नातेवाईक असतो. तो नंतर आला का? वेळेवर न आलेला पाऊस दिवसकार्याच्या मांडवावर पडला का? कपाशी पुढच्या वर्षी बरी आली का? राग येऊ द्या. करुण रस असला की आवाज मऊच ठेवायचा, असं कुठल्या शास्त्रात सांगितलेलं नाही.

अशा कवितेत झाडाचा उल्लेख येणार असेल तर फार जपून. ते बांधावरचं झाड असेल, तर त्याच्याकडे घरातलं माणूस कसं पाहतं किंवा कसं पाहायचं टाळतं, एवढं पुरे.

आणि हे कवितेपलीकडचं: लिहिताना ते सगळं अंगावर यायला लागलं, झोप उडाली, तर वही मिटा आणि घरात किंवा डॉक्टरांशी बोला. कविता कुठे पळून जात नाही.

लहान मूल गेलं असेल तर? त्यावर लिहिणं मला अशक्य वाटतं.

गोविंदाग्रजांनी 'राजहंस माझा निजला' मध्ये आईच्या तोंडून ते लिहिलं. मूल गेलंय हे तिला मान्यच नाही. निजलाय म्हणते, गलका करू नका म्हणते. पाखराची प्रतिमा तिथे शोभेला नाही, ती आईची ढाल आहे. मूल झोपलंय हे म्हणता येतं तोवर ते गेलेलं नाही.

दुसरं टोक जपानी कवी इस्साचं. त्याची तान्ही मुलगी १८१९ साली देवीच्या रोगाने गेली. त्याने लिहिलं ते साधारण असं: हे जग दवाचं, दवाचंच हे जग, आणि तरीही, तरीही. बौद्ध परंपरेत दव म्हणजे क्षणिकता, हे त्याला पुरतं ठाऊक होतं आणि पटलेलंही होतं. पण शेवटच्या दोन शब्दांत तो बाप होतो आणि शहाणपणाला धक्का मारतो. मराठीत शिरीष पै यांनी हायकू, म्हणजे तीन ओळींची ही जपानी कविता, रुजवला, तेव्हा हा प्रकार आपल्याला आता परका नाही. जिथे लांब कविता पेलवत नाही तिथे तीन ओळी पेलवतात.

छंदात लिहू की मुक्तछंदात?

जात्यावरच्या ओव्यांकडे आधी जा. पहाटे दळताना बायकांनी आई-बाप, भाऊ, नवरा गेल्याचं दुःख तिथेच मोकळं केलं. त्यातली एक लकब फार उपयोगी आहे: पहिल्या ओळीत झाड, वेल, पाखरू किंवा वाट, आणि दुसऱ्या ओळीत माणूस, मधे "जसं", "तसं" काही नाही. त्याच चालीवर एक जुळवून दाखवते:

दारातल्या जाईबाई, तुला पाणी कोण घाली
माझी मालन माउली, दूरदेशा गं निघाली

जाईला प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं आईचं. यमक आलं पण त्याने कुणाला फरफटवलं नाही. यमकामुळे तुम्ही न पाहिलेलं फूल कवितेत शिरत असेल तर सरळ मुक्तछंदात या.

एका कवितेत किती प्रतिमा असाव्यात?

एक. फार तर ती बदलत जावी. समुद्र, मग वणवा, मग कोसळलेला वड, मग जखमी हरिण, असं झालं की वाचक दुःख सोडून प्रदर्शन बघायला लागतो.

लगेच लिहावं की काही काळ जाऊ द्यावा?

टिपणं लगेच करा. त्या दिवशी ऊन कसं होतं, अंगणात काय फुललेलं होतं, स्मशानातून परतताना रस्त्यात काय दिसलं, हे नंतर आठवत नाही आणि मग आपण सरसकट पाऊस घालतो. कविता मात्र वर्षश्राद्धापर्यंत थांबली तरी चालेल. एक अख्खं ऋतुचक्र त्या माणसाशिवाय पाहून झालेलं असतं. कुठल्या महिन्यात कशाने कळ आली ते आता माहीत असतं.

तेराव्याला वाचायची आहे, पाच दिवस हातात आहेत. काय करू?

मग ही सगळी चर्चा विसरा. समोर बसलेल्यांना गूढ प्रतिमा नको असतात, त्यांना त्यांचा माणूस ओळखू यायला हवा. त्यांनी लावलेलं एखादं झाड, त्यांची फिरायला जायची टेकडी, नदीचा घाट, यातलं एक घ्या, आठ-दहा ओळी लिहा, मोठ्याने वाचून बघा. जिथे घसा दाटतो ती ओळ शेवटी ठेवू नका, पुढच्या ओळी वाचता यायला हव्यात.

कवितेला नाव काय द्यावं?

'आईस', 'बाबा, तुमच्याविना', 'पोरकेपण' ही नावं कवितेचं काम आधीच करून टाकतात. वरच्या चार ओळींना 'कढीपत्ता' पुरे. मूळ घटना कळायलाच हवी असेल तर नावाखाली लहान अक्षरात महिना आणि वर्ष द्या. आणि अंकाकडे पाठवताना सोबत दोन पानी पत्र जोडू नका, कविता कुणावर आहे हे सांगणारं. मी ते वाचते, पण कविता वाचून झाल्यावर.